‘मामा, अजून मोठा वाजणारा हेडफोन द्या’: सांगलीतल्या एका डीजेचं प्रकरण

माझा भाचा सांगलीत डॉल्बी लावतो. आमच्या सांगली-सातारा-कोल्हापूर भागात टॉप (वरच्या पट्टीचे स्पीकर) आणि बेस (ढोलाच्या धडक्यांचे स्पीकर) यांच्या भिंतीला डॉल्बीच म्हणतात. ज्यांच्यावरून हा शब्द आला त्या रे डॉल्बींनी १९६५ साली कंपनी काढली आणि ती आधी नावाजली टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. आपल्याकडे मात्र त्या नावाला छाती हलवणारा आवाज चिकटला, तो कायमचा.

माझं मिरजेत अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. भाच्याचं सामान बिघडलं की माझ्याकडेच येतं. गेल्या लग्नसराईत तो आला तेव्हा हातात बिघडलेलं काही नव्हतं. म्हणाला, “मामा, क्यू ऐकू येईना झालंय. नॉब फुल्ल केला तरी बीट सापडत नाही. अजून मोठा वाजणारा हेडफोन सांगा की.”

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोक टॉपवर एक गाणं ऐकत असतात, त्याच वेळी डीजे पुढचं गाणं फक्त स्वतःच्या कानात ऐकतो, दोघांची लय जुळवतो आणि मग फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, सरकवतो. त्या कानातल्या ऐकण्याला क्यू म्हणतात. हल्ली सॉफ्टवेअर लय आपोआप जुळवतं, मग क्यू कशाला, असं कुणी विचारेल. पण हळदीला वाजणारी जुनी गाणी हाताने ठोका धरणाऱ्या वादकांनी वाजवलेली आहेत. ती अंतऱ्यात थोडी पळतात, मुखड्यावर परत येतात. तिथे मशीनचा हिशेब चुकतो आणि शेवटी कानच लागतो.

मी त्याला हेडफोनबद्दल काही विचारायच्या आधी दुसरंच विचारलं. “कार्यक्रम संपल्यावर कानात शिट्टी वाजते का?”

“वाजते की. उजव्यात. सकाळपर्यंत जाते.”

त्या दिवशी मी त्याला एकही हेडफोन दाखवला नाही. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन ऑडिओग्राम, म्हणजे ऐकू येण्याचा आलेख, काढला. उजव्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्‌झपाशी छोटा खड्डा होता. मोठ्या आवाजाचा मार बहुतेक वेळा पहिल्यांदा तिथेच दिसतो. डॉक्टरांनी सांगितलं की आतल्या कानात साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात आणि माणसाच्या त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. भाचा सव्वीस वर्षांचा आहे. येताना गाडीवर तो एक शब्द बोलला नाही.

तेव्हा प्रश्नच बदलला. त्याला जास्त आवाजाचा हेडफोन हवा होता, मला मात्र कमी आवाजात बीट सापडेल असा हेडफोन हुडकायचा होता.

आधी काय वापरत होता

त्याच्याकडे आवाज रोखणारा, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगचा, ब्लूटूथ हेडफोन होता. प्रवासात गाणी ऐकायला उत्तम. पण डीजेच्या कामाला ब्लूटूथ चालत नाही, त्याचं कारण साधं गणित आहे. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या, गाण्यात दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंद असतात. साध्या ब्लूटूथला आवाज कानापर्यंत पोचवायला दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात, म्हणजे ठोका जवळजवळ अर्धा घसरतो. हे त्याला कळलं होतं, म्हणून तो त्याच हेडफोनला बारीक वायर लावून वापरत होता.

तरी अडचण राहिलीच. आवाज रोखण्याची ती युक्ती विमानाच्या किंवा पंख्याच्या सलग घुमण्यावर चालते. हळदीतला बेस सलग नसतो, तो धडका मारतो, आणि इतक्या मोठ्या आवाजापुढे त्या हेडफोनमधले छोटे माइक गोंधळून जातात. ती सोय बंद केली तर उरतात दोन मऊ, सैल कप, जे चेहऱ्यावर टेकण्यापुरते टेकतात. शिवाय भाच्याला चष्मा आहे, जाड काड्यांचा. काडी पॅडखालून जाते तिथे फट पडते आणि त्या फटीतून सगळी हळद आत येते.

आता गणित मांडून बघा. टेबलाजवळ बाहेरचा आवाज ९८ डेसिबल आहे असं धरू. कपाने जेमतेम ५ डेसिबल अडवले तर कानात ९३ शिरतात. त्यावर क्यू ओळखू यायचा तर तो आणखी सात-आठ डेसिबल वर पाहिजे, म्हणजे शंभराच्या पुढे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला दिवसाला फक्त १५ मिनिटं मिळतात. भाचा हळदीला चार तास उभा असतो. उलट कपाने १५ डेसिबल अडवले तर आत ८३ येतात आणि क्यू ९०-९१ वर भागतो. ९१ ला दोन तास मिळतात, आणि क्यू काही सलग ऐकायचा नसतो. सगळा फरक त्या दहा डेसिबलचा आहे, आणि तो हेडफोन किती मोठा वाजतो याने पडत नाही. कान किती घट्ट बंद होतो याने पडतो.

चाचणी

भाच्याचं सामान सांगलीत माधवनगर रस्त्याला एका गोडाऊनमध्ये असतं. एका दुपारी तिथे दोन टॉप, दोन बेस लावले, हळदीच्या कार्यक्रमाइतका आवाज मीटरवर धरला आणि भाच्याला कंट्रोलरपाशी, म्हणजे गाणी मिसळायच्या मशीनपाशी, उभं केलं. प्रत्येक हेडफोन चढवायचा, बीट स्पष्ट सापडेपर्यंत नॉब वाढवायचा, सापडला की थांबायचं.

इथे एक चूक बरेच जण करतात, ती सांगतो. नॉब कुठे थांबला यावरून हेडफोनची तुलना होत नाही, कारण प्रत्येकाची संवेदनशीलता वेगळी असते. माझ्याकडच्या सेनहायजर कंपनीच्या दोन हेडफोनचंच घ्या. एक व्होल्टला एचडी ६५० हा १०३ डेसिबल देतो आणि एचडी २५ हा १२०. नॉब तोच, फरक १७ डेसिबलचा. म्हणून मी लाकडी फळीला भोक पाडून त्यात मीटरचा माइक बसवला. भाच्याने नॉब थांबवला की टॉप बंद करायचे, कप फळीवर दाबायचा आणि आकडा लिहायचा. प्रयोगशाळेत असं मोजत नाहीत, पण चारही हेडफोन एकाच फळीवर मोजले तर आपसातली तुलना चालते.

त्याचा जुना हेडफोन १०१ वर थांबला. म्हणजे वर मांडलेला हिशेब फळीवर उतरला.

मग मी मुद्दाम माझा एचडी ६५० दिला. तो उघड्या पाठीचा आहे, कपाच्या मागे जाळी, आवाज दोन्ही बाजूंनी मोकळा. चालणार नाही हे मला माहीत होतं, पण त्याने स्वतः अनुभवावं असं वाटलं. कंट्रोलरचं हेडफोन आउटपुट आधीच लहान, त्यात हा ३०० ओहमचा, म्हणजे वाजायला जास्त व्होल्टेज मागणारा. नॉब फुल्ल करूनही बीट लागेना. दोन मिनिटांत त्याने काढून ठेवला. त्याला म्हटलं, हा वाईट नाही, याची जागा दुसरी आहे, संध्याकाळी घरी दाखवतो.

तिसरा त्याच्या मित्राचा ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स. कानाभोवती बसणारा, बंद पाठीचा, आत आवाज काढणारा ४५ मिमीचा ड्रायव्हर, ३८ ओहम, वायर काढता येणारी आणि स्प्रिंगसारखी ताणली जाणारी. चष्मा काढून लावला तेव्हा ९१ वर बीट मिळाला. चष्मा घातल्यावर ९६. ही खोट त्या हेडफोनची नव्हे. कानाभोवती बसणाऱ्या कुठल्याही पॅडखाली काडी गेली की सील फुटतंच. चष्मा नसलेल्या माणसाने विचारलं तर मी या जातीचाच हेडफोन सांगेन, कारण तासन्‌तास घातला तरी कान दुखत नाही.

चौथा एचडी २५. हा १९८८ पासून बनतो आहे आणि मुळात रेडिओ-टीव्हीवाल्यांसाठी काढलेला. वायर सोडून वजन १४० ग्रॅम. कप लहान असतात, ते कानाभोवती न बसता थेट कानावर दाबून बसतात. काडी कानाच्या मागे राहते, त्यामुळे सील फारसं बिघडत नाही. चष्म्यासकट ९२.

चष्मा काढून ९१ आणि चष्म्यासकट ९२ यात निवड करायची, तर चष्मा काढून डीजेला कंट्रोलरवरची अक्षरं कशी दिसणार? निर्णय तिथेच झाला.

आणखी दोन गोष्टी त्याच्या बाजूने होत्या. एका बाजूचा कप वळतो, त्यामुळे एक कान झाकून दुसरा मोकळा ठेवता येतो. आणि त्याचा प्रत्येक भाग सुटा मिळतो: पॅड, वायर, पट्टी, ड्रायव्हरसुद्धा. दुरुस्ती करणारा माणूस म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. मे महिन्यातल्या सांगलीच्या घामात कुठलंही नकली चामड्याचं पॅड दीड-दोन वर्षांत सोलायला लागतं. पॅड सोललं की सील गेलं, आणि सील गेलं की नॉब पुन्हा वर. ज्याचं पॅड बदलता येत नाही तो हेडफोन कामाच्या माणसाने घेऊच नये.

तोटाही आहे. कानावर दाबून बसणारा हेडफोन तासाभराने टोचतो, चष्म्याची काडी कानामागे रुतते. घेताना एचडी २५ लाइट घेऊ नका, त्याला वळणारा कप नसतो. आणि दुकानदार बिल देत नसेल तर तिथून उठा. या हेडफोनच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. दोन तर दुरुस्तीसाठी माझ्याच टेबलावर आल्या होत्या. आत बघितल्यावर गिऱ्हाइकाला काय सांगावं ते सुचेना.

पैशाचं म्हणाल तर भाच्याला दोन सुपाऱ्यांचं टोकन त्यात घालावं लागलं.

पहिली हळद, आणि माझी चूक

नवा हेडफोन घेऊन तो तासगावकडच्या एका हळदीला गेला. रात्री साडेदहाला फोन. दहाला वाजवणं बंद करावंच लागतं, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम तसेच आहेत. “मामा, बीट एकदम क्लियर. पण शिट्टी वाजतीयाच. आता डाव्यात.”

चूक माझी होती. मी क्यूच्या कानाचा विचार केला आणि दुसरा कान विसरलो. एक कप वळवून डावा कान चार तास उघडा होता, ९८ डेसिबलला. त्या आकड्याला अर्धा तासही मिळत नाही. एक कान वाचवताना मी दुसरा उघड्यावर ठेवला होता.

पुढच्या रविवारी तो दुकानात आला, तेव्हा हेडफोन बाजूला ठेवून आम्ही त्याच्या उभं राहण्याकडे आणि हाताकडे बघितलं. बदल तिथे करायचे होते.

टॉपच्या समोर टेबल तिरकं लावायची त्याची सवय होती, पाहुण्यांना डीजे दिसावा म्हणून. ते टॉपच्या रेषेच्या मागे नेलं. टॉपचा आवाज पुढे जातो, मागे बराच कमी येतो. बेस मात्र सगळीकडे पसरतो.

याच बेसमुळे दुसरी गोष्ट सुचली. कुठलाही कप वरच्या पट्टीतला आवाज चांगला अडवतो आणि खालच्या पट्टीतला फार थोडा. बाहेरच्या ढोलासारख्या धडक्या हेडफोनमध्ये येणारच. तरी भाचा क्यूमध्ये ढोलच शोधत होता, म्हणजे बाहेरच्या बेसशी बेसनेच झुंजत होता, आणि त्यासाठी नॉब चढत होता. त्याला सांगितलं, येणाऱ्या गाण्याचा लो, म्हणजे बेसचा, नॉब पूर्ण बंद कर. क्यूचा आवाज बहुतेक कंट्रोलरमध्ये इक्वलायझरच्या, म्हणजे या लो-हाय नॉबांच्या, नंतर घेतलेला असतो, त्यामुळे हेडफोनमधूनही बेस नाहीसा होतो. उरते टाळी आणि झांजेसारखी हाय-हॅट. ती बाहेरच्या गोंगाटातून अलगद वेगळी निघते. हलगीच्या गजरातही मंजिरी ऐकू येते ना, तसं. पुढच्या वेळी फळीवर मोजलं तर तो ८८ वर थांबला. नव्या हेडफोनने जेवढं केलं त्यावर आणखी चार डेसिबल या एका नॉबने दिले, आणि त्याला पैसा लागला नाही.

तिसरा बदल त्याच्या पचनी पडायला वेळ लागला. सॉफ्टवेअरमध्ये स्प्लिट क्यू नावाची सोय असते: एका कानात येणारं गाणं, दुसऱ्या कानात चालू असलेलं. मग दोन्ही कप कानावर ठेवून काम होतं, एकही कान उघडा राहत नाही. याचा आणखी एक फायदा आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. टॉप टेबलापासून पंधरा मीटरवर असले की त्यांचा ठोका चाळीसेक मिलिसेकंद उशिरा पोचतो. टॉप ऐकून लय जुळवली तर लोकांना दोन ठोके पाठोपाठ पडल्यासारखे ऐकू येतात. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत डॉल्बी पुढच्या गाडीवर आणि ऑपरेटर मागे असला की हे नेहमी होतं, आणि लोक म्हणतात डीजेला जमत नाही. दोन्ही गाणी हेडफोनमध्येच ऐकली तर तो उशीरच राहत नाही.

भाचा म्हणाला, “मामा, डोकं फिरल्यागत होतंय. दोन कानांत दोन गाणी.” खरं आहे, पहिल्या दोन कार्यक्रमांत त्याने ते अर्ध्यातच बंद केलं. त्या वेळी उघड्या कानात वादकांचे इअरप्लग घालायचे, असं ठरलं. फोमचे नव्हेत. फोमचे वरचा आवाज जास्त खातात आणि सगळं चादरीखालून आल्यासारखं वाटतं. वादकांचे प्लग सगळ्या पट्ट्या बऱ्यापैकी सारख्या कमी करतात. गणपतीपर्यंत त्याला स्प्लिट क्यूची सवय झाली. प्लग अजून खिशात असतो, पाहुण्यांशी बोलायला कप काढला की तो कानात जातो.

मला वाटतं ते इथेच सांगतो. या मुलाचा कान वाचवायची मी एवढी धडपड केली, पण टॉपच्या समोर करवली म्हणून नाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीच्या कानात काहीच नसतं. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि आपण त्याच्या किती पुढे वाजवतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी भाच्याला टॉप दोन पायऱ्या खाली ठेवायला सांगत असतो. कधी ऐकतो, कधी यजमान ऐकू देत नाहीत. हे भांडण आमच्या घरात चालू आहे आणि ते चालू राहायला हवं.

जाळीचा हेडफोन

गोडाऊनच्या त्या दुपारी संध्याकाळचं कबूल केलं होतं, ते राहून गेलं. जूनमध्ये सामान निवांत पडलं तेव्हा तो मिरजेला घरी आला. मी एचडी ६५० माझ्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला लावला. ३०० ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज लागतं आणि फोन किंवा कंट्रोलर ते पुरेसं देत नाही, म्हणून हा अ‍ॅम्प मी घरीच बनवलेला आहे.

हेडफोन तपासायला मी गाणं लावत नाही. तंबोरा लावतो. आमच्या गावात शिकलगारांच्या घराण्यांनी हत्यारांना धार लावायचं सोडून सतार-तंबोरे घडवायला घेतले, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात, त्या एका केसभर सरकण्याने तारेतून स्वरांचा पंखा उघडतो. हेडफोन चांगला असेल तर षड्‌ज विरत असताना त्याच्या वरचे सूर एकेक करून कसे मागे राहतात ते ऐकू येतं. बंद पाठीच्या कपात तोच आवाज डब्यात ठेवल्यासारखा होतो, कारण मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो. उघड्या पाठीत तो निघून जातो.

मीटरवर मोजलं तर खोलीत शांतता ३५ डेसिबलची होती आणि हेडफोनमध्ये आम्ही ६५-७० वर ऐकत होतो. भाच्याने वीस मिनिटं डोळे मिटून तंबोरा ऐकला, नुसता तंबोरा, वर कुणी गात नव्हतं. मग विचारलं, “मामा, एकच हेडफोन दोन्हीला नाही का चालायचा?”

नाही चालायचा. एकाने जग बाहेर ठेवायचं असतं, दुसऱ्याने आतलं मोकळं सोडायचं असतं. मधला हेडफोन घेतला तर हळदीत नॉब वर चढतो आणि घरी जवारी गुदमरते. पैसे एकाचेच असतील तर डीजेने कामाचाच घ्यावा, कारण तिथे कानाला धोका आहे. ऐकण्याचा नंतर घ्यावा, किंवा मामाचा वापरावा. तो आता महिन्यातून दोनदा येतो.

दिवाळीनंतर पुन्हा ऑडिओग्राम काढला. उजव्या कानातला ४००० चा खड्डा तेवढाच आहे. डावा कान सरळ आहे. डॉक्टरांनी पुढची तारीख लग्नसराई संपल्यावरची दिली आहे, आणि त्याने ती कंट्रोलरच्या पेटीच्या झाकणावर आतून मार्करने लिहून ठेवली आहे.